मी न फेकलेली बेरेट

परवा आमच्या मॉरिसव्हिलच्या मंडळातला निनाद घरी आला होता. गणपतीच्या मिरवणुकीत गाड्या लावून देणाऱ्या स्वयंसेवकांसाठी त्यानं ऑनलाइन खोकंभर जांभळ्या बेरेटी मागवल्या होत्या आणि त्यातली एक डोक्यावर घालूनच आला होता. कोणीतरी शिळं थालीपीठ लांबून भिरकावावं आणि ते नेमकं त्याच्या उजव्या कानावर येऊन चिकटावं, तशी ती दिसत होती. "काका, या तुमच्याच हातून वाटायच्या," तो म्हणाला. "तुमची ती स्टोरी सगळ्यांना माहितीये. सार्जंटसमोर बेरेट काढून फेकलीत ना तुम्ही? काय इन्स्पायरिंग आहे यार! स्टेजवरून सांगा ना मुलांना." मी विचारलं, "पार्किंग लॉटमध्ये बेरेट कशाला रे?" तो म्हणाला, "डिसिप्लिन दिसते काका. एक युनिट वाटतं." मी त्याला चहा दिला, बाकरवडी दिली आणि बघतो म्हणून वाटेला लावलं. त्या पोराचा राग आला नव्हता. माझी गोष्ट त्यानं माझ्याकडूनच ऐकली होती.

बेरेट या वस्तूविषयी माझं मत एकदा सांगून टाकतो. लोकरीची एक चकती असते ती. उन्हात सावली देत नाही, पावसात आडोसा देत नाही, थंडीत कान उघडेच ठेवते. टोपीनं जे जे करायचं असतं त्यातलं काहीही ती करत नाही. फक्त रंग दाखवते. हिरवी घातली की समोरचा दबकतो, मरून रंगाची घातली की हा विमानातून उडी मारणारा म्हणून बायका वळून बघतात, काळी घातली आणि घालणाराही काळा असला की शेजारी पोलिसांना फोन करतात. माझे बाबा कापडाच्या मिलमध्ये रंगखात्यात केमिस्ट होते. ते म्हणायचे, "लोकर एकच असते रे, हौद वेगळे." मध्यंतरी इथल्या अमेरिकन लष्करानं काळी बेरेट सरसकट सगळ्या शिपायांना देऊन टाकली, तेव्हा ती आधीपासून मिरवणारे निवडक लोक असे रुसले की त्यांना समजुतीखातर दुसरा रंग द्यावा लागला. बंदुका चालवणारी ही माणसं! आमच्याकडे लग्नात मानाचा फेटा मिळाला नाही म्हणून मुलाचा मामा रुसून बसतो, त्याला निदान आपण हसतो तरी.

पण त्या वयात मी हसत नव्हतो. त्या चकतीसाठी मी जीव टाकत होतो.

इथून तासाभराच्या अंतरावरच्या एका मिलच्या गावात आम्ही राहायचो. बाबा सोलापूरहून इथं नोकरीला आले आणि मिसरूड फुटायच्या आत मी आईबरोबर त्यांच्या मागोमाग आलो. घर भाड्याचं, लाकडी, चालताना करकरणारं. पहाटे मिलचा भोंगा व्हायचा, मग मालगाडी, मग आईचा खलबत्ता. गावात आमच्यासारखी आणखी दोनच घरं होती, म्हणजे मसाला मिळायचं नाव नाही. पण आईनं त्या मुलखाला फार लवकर ओळखलं. भेंडी होती, शेंगा होत्या, मक्याचं पीठ होतं. इथले लोक सकाळी ग्रिट्स नावाची मक्याच्या कण्यांची पेज खातात. आईनं तिचा कढीपत्त्याविना सांजा केला. किराणा दुकानात ताक बाटलीत मिळतं हे कळलं, त्या दिवशी ती दुकानातच टाळी वाजवून हसली होती. तेव्हापासून आमच्या घरी दर दोन दिवसांनी कढी. मक्याची भाकरी आणि कढी. मी चडफडायचो. मला सँडविच हवं असायचं.

शाळा नुकतीच एकत्र झाली होती. म्हणजे काळी आणि गोरी मुलं पहिल्यांदाच एका इमारतीत, पण जेवायला वेगवेगळ्या टेबलांवर. मी कुठल्या टेबलावर बसावं हे कोणालाच ठरवता येत नव्हतं, मलाही नाही. एकच जागा अशी होती जिथं रांगेत उभं राहिलं की प्रश्न मिटायचा: शाळेचं कवायत पथक. लाकडी रायफली, पांढरे हातमोजे, आणि जवळच्या छावणीतल्या पॅराशूटवाल्यांची नक्कल म्हणून मरून बेरेट. ते पथक चालवायचा सार्जंट होल्कम, लष्करातून निवृत्त झालेला, मान नसलेला माणूस. त्याची एक पद्धत होती. शुक्रवारच्या तपासणीत कोणाचा बूट चमकला नाही, पाऊल चुकलं, की तो शेजारच्या मुलाला हुकूम द्यायचा, "याची बेरेट काढ." स्वतः कधी हात लावायचा नाही. ज्याची बेरेट निघाली त्यानं आठवडाभर बोडक्यानं कवायत करायची. मित्राच्या हातून निघालेली जास्त लागते, असं तो आम्हाला समजावून सांगायचा, जणू काही मोठं शास्त्रच. आणि आम्ही मुलं माना डोलवायचो.

मला बेरेट मिळाली तेव्हा ती हातात मऊ, केसाळ, पसरट होती. आईनं ती उलटीसुलटी केली. तिचे वडील खेड्यातले शाळामास्तर, खादीची टोपी घालणारे. दर रविवारी त्यांची टोपी धुऊन, भाताच्या पेजेत बुडवून, निखाऱ्यांच्या तांब्यानं इस्त्री करायचं काम आईकडे असायचं. टोपी म्हटली की खळ, हे तिच्या दृष्टीनं पाणी म्हटलं की ओलं, इतकं उघड होतं. "किती लेचीपेची दिलीय रे," ती म्हणाली, "उभी कशी राहील?" मी झोपलो असताना तिनं भात लावला, पेज काढली, बेरेट त्यात बुडवली आणि पातेल्यावर पालथी घालून वाळवली. सकाळी ती पातेल्याच्या झाकणासारखी टणक झाली होती. मला वाटलं, काय झकास. तपासणीत सार्जंट माझ्यापाशी थांबला. त्यानं बोटाच्या पेरानं माझ्या डोक्यावर ठोकलं. टक् टक् असा आवाज आला. सगळी रांग हसण्यानं हलायला लागली. "क्लिफर्ड," तो माझ्या शेजारच्याला म्हणाला, "या डब्याचं झाकण काढ."

क्लिफर्ड हा पथकातला सर्वांत चांगला कवायती. लांब हाताचा, कमी बोलणारा काळा मुलगा. त्यानं माझी बेरेट काढली, पण काढताना ओठ न हलवता म्हणाला, "शाळा सुटल्यावर थांब." त्या दुपारी तो आमच्या स्वयंपाकघरात आला. आधी गरम पाण्यात घालून सगळी खळ काढली, आईला वाईट वाटू नये म्हणून तिच्याकडे बघून दोनदा हसला. मग बाबांच्या दाढीच्या वस्तऱ्यानं वरची लव साफ केली. मग ती ओलीच्या ओली माझ्या डोक्यावर ओढून उजवीकडे दाबली. "आता वाळेपर्यंत काढायची नाही," तो म्हणाला. स्वतःचीही ओली करून त्यानं घातली, मला एकट्याला वेडं वाटू नये म्हणून. आम्ही दोघं टेबलाशी बसलो, मानेवरून मरून रंगाचं पाणी ओघळत होतं. आईनं काही न विचारता दोन ताटल्या मांडल्या. "यू ईट," ती त्याला म्हणाली. क्लिफर्डनं मक्याची भाकरी मोडली, कढीत बुडवली, आणि क्षणभर थांबून म्हणाला, "माझी आजी हेच खाते. मक्याचा ब्रेड आणि ताक. फक्त हे पिवळं नसतं." मी आईला सांगितलं. आई इतकी खुलली की तिनं त्याला तिसऱ्यांदा वाढलं. "बघ," ती मला म्हणाली, "नाहीतर तू. नाक मुरडतोस." त्यानंतर तो बऱ्याचदा यायचा. आई त्याला क्लिपू म्हणायची.

क्लिफर्डचा थोरला भाऊ काळी बेरेट घालायचा. त्या काळी गावोगावी काळ्या तरुणांच्या गटांनी ती घातली होती. या गावातल्या गटाचं मुख्य काम चर्चच्या तळघरात लहान मुलांना शाळेआधी फुकट नाश्ता देणं हे होतं. अंडी, ग्रिट्स, दूध. गावातल्या गोऱ्या लोकांना मात्र त्यात क्रांती दिसत होती. एका शनिवारी भाऊ आजारी होता म्हणून क्लिफर्ड वाढायला गेला आणि भावाची काळी बेरेट घालून गेला. कोणीतरी पाहिलं, कोणीतरी सार्जंटला सांगितलं. मी नाही सांगितलं. एवढं तरी माझ्या नावावर नाही. पालकदिनाच्या दोन दिवस आधी सार्जंटनं मला त्याच्या खोलीत बोलावलं. एका डोक्याला दोन बेरेटी शोभत नाहीत, तो म्हणाला. पालकांसमोर क्लिफर्डची बेरेट काढायची, कायमची, आणि ती मी काढायची. मग तो माझ्या खांद्याकडे बघत म्हणाला, तुकडीप्रमुखाची पिवळी दोरी तिथं चांगली दिसेल. मला नाही म्हणायला दोन दिवस होते. मी तिथल्या तिथं एकच प्रश्न विचारला. "कोणत्या हातानं काढायची, सर?"

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. मराठीत ते आणखीनच हलकट वाटतं.

पालकदिनाला फुटबॉलच्या मैदानावर ऊन होतं पण वारा बोचरा. आई नारायणपेठी नेसून, वरून बाबांचं मिलचं जाकीट घालून, कॅनव्हासचे बूट घालून पायऱ्यांवर बसली होती. बाबा तिच्यापासून थोडे सरकून, मिलच्या साहेबाशेजारी. आमची कवायत झाली. टाळ्या झाल्या. मग सार्जंटनं माइक घेऊन निष्ठेवर भाषण केलं आणि माझं नाव पुकारलं. मी दोन पावलं पुढं गेलो, उजवीकडे वळलो. क्लिफर्डला तोवर समजलं होतं. त्यानं माझी बेरेट काढली होती तेव्हा काहीतरी कानात सांगितलं होतं. तो बहुधा वाट बघत होता की मीही काही म्हणेन. मी त्याच्या डोळ्यांकडे न बघता, उजव्या हातानं, अगदी नियमाप्रमाणे बेरेट काढली. छान काढली. सराव केला होता घरी, आरशासमोर.

आईला भाषण कळलं नव्हतं. उघडं झालेलं डोकं कळलं. तिच्या वडिलांची टोपी एकदा भर बाजारात एका फौजदारानं काठीनं उडवली होती आणि त्यांचं बोट धरून ती उभी होती, हे मला पुढं फार उशिरा मावशीकडून कळलं. आई कधी बोलली नाही. मी पाहिलं ते इतकंच की ती पायऱ्या उतरली, निऱ्या एका हातात धरून कुंपणाची दोरी ओलांडली आणि सरळ मैदान कापत आली. पायऱ्यांवर कुजबुज सुरू झाली. ती माझ्यासमोर उभी राहिली. माझ्या खांद्यापर्यंतच यायची ती. "भर लोकांत दुसऱ्याचं डोकं उघडं करतोस?" ती म्हणाली. "मग तुझं कशाला झाकलेलं?" आणि तिनं माझी बेरेट ओढून काढली. माझ्या हातातली क्लिफर्डची घेतली, पदरानं झटकली, आणि त्याला दोन्ही हातांनी दिली. माझी तिनं सार्जंटच्या हातात ठेवली, शेजारणीचं भांडं परत करावं तशी, आणि त्याला म्हणाली, "थँक यू." तिला येणारं ते सर्वांत सभ्य इंग्रजी होतं.

आणि मी? मी तिच्या जाकिटाची बाही धरून रडत होतो. "आई दे ना ती! दे ना गं!" असं, मराठीत, सगळ्या गावासमोर. पायऱ्यांवर आधी कोणी एक हसलं, मग पुष्कळ. क्लिफर्डनं आपली बेरेट शर्टात खोचली आणि गोलपोस्टच्या मधून चालत निघून गेला. त्याची आजी तेवढी पायऱ्यांवर उभी राहिली होती. ती आईकडे बघत होती.

घरी बाबा आठवडाभर आईशी बोलले नाहीत, आणि बोलले ते इतकंच, "मिलमध्ये तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." गावातल्या दुसऱ्या मराठी घरातल्या कुलकर्णी काकू मुद्दाम भेटायला आल्या. "वहिनी, आपण पाहुणे आहोत हो इथं," त्या म्हणाल्या. "यांचं यांना बघू द्यावं. आणि साडी नेसून असं धावत जायचं म्हणजे..." आई शेंगा सोलत होती, ती सोलत राहिली. आमच्या त्या तीन घरांच्या महाराष्ट्रात तिला 'मैदानातल्या वहिनी' हे नाव पडलं. ती पुन्हा कधी माझ्या शाळेत आली नाही. माझ्या पदवीदानाला बाबा तिला म्हणाले, "तू घरीच थांब." मी ते ऐकलं. मी टाय बांधत होतो. गाठ नीट बसत नव्हती, एवढीच मला काळजी होती.

आणि बेरेट? मी सोमवारी सार्जंटच्या खोलीत गेलो. म्हटलं, "सर, माझी आई गावंढळ आहे. तिला इथलं काही कळत नाही." तो बराच वेळ हसला. मग खण उघडून त्यानं ती माझ्यापुढं टाकली, वर पिवळी दोरीही. शाळा संपेपर्यंत मी ती घातली. शाळेच्या वार्षिकात माझा फोटो आहे. उजवीकडे झुकलेली, लव काढलेली, क्लिफर्डनं शिकवल्याप्रमाणे बसवलेली. क्लिफर्ड पुढच्या उन्हाळ्यात आईवडिलांबरोबर उत्तरेकडे गेला. जाण्याआधी एकदा मी सरावाला गेलो असताना मागच्या दारानं घरी येऊन गेला. आईनं त्याला जेवायला वाढलं. "माझ्याबद्दल काय म्हणाला?" मी विचारलं. "काही नाही," आई म्हणाली. "भाकरी छान झालीय म्हणाला."

मग वर्षं गेली आणि हवा पालटली. मी इथून दूर हर्नडनला नोकरीला लागलो, मॉरिसव्हिलला आलो ते पुष्कळ पुढं, आणि असे दिवस आले की जे पूर्वी गावंढळपणाचं होतं ते आता धैर्याचं झालं. ऑफिसातले लोक, आपली मराठी मंडळीही, विचारायची की त्या काळात या देशाच्या दक्षिणेत वाढताना काय काय पाहिलं. एका पार्टीत मी ही गोष्ट सांगितली आणि सांगताना आईला फक्त गाळलं. "मग माझी बेरेट उतरली," असं काहीतरी म्हणालो. ऐकणाऱ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या वेळी ती मी स्वतः उतरवली होती. त्यानंतर कधीतरी ती गवतावर पडली, आणि एकदा पडल्यावर फेकली असं म्हणायला कितीसा वेळ लागतो? कृत्य लाजिरवाणं होतं तोवर ते आईचं होतं. त्याला मान मिळायला लागला तसं ते माझं झालं. यात मी एकटा नाही, कुलकर्णी काकूही अखेरच्या दिवसांत सांगायच्या, "आमच्या डोळ्यांदेखत वाढला, पहिल्यापासून बाणेदार." पण त्यांचा हिशेब त्यांच्यापाशी.

निनादला मी हे लिहिलेलं पाठवणार आहे. स्टेजवरून वाचायचं असेल तर त्यानं हे वाचावं, आणि त्यानंतरही त्या जांभळ्या चकत्या माझ्या हातून वाटून घ्यायच्या असतील तर मी येईन.

एक गोष्ट राहिली. बाबा गेल्यावर आई हर्नडनला आमच्याकडे राहायला आली होती. तेव्हा ती वाकली होती, पण कढी स्वतःच करायची. कोणाला हात लावू देत नसे. एका रविवारी ऑफिसातला अमोल जेवायला आला. नवा, पुण्याचा, बोलका मुलगा. पानं वाढून झाली, आई पातेलं घेऊन टेबलाशी उभी होती, आणि हा तिला म्हणाला, "आजी, तुमचा मुलगा ग्रेट आहे हं! मित्रासाठी सगळ्यांसमोर बेरेट काढून फेकली. तुम्ही होतात का हो तिथं? पाहिलंत?" माझ्या बायकोनं कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. तिलाही मी तीच गोष्ट सांगितली होती. आईनं डाव पातेल्यात ठेवला. तिनं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, नीट, जसं ती ती पहिली बेरेट उलटीसुलटी करून बघत होती तसं. ही उभी कशी राहील, असं.

"होते ना," ती अमोलला म्हणाली. "तो पहिल्यापासून तसाच आहे."

आणि तिनं डाव भरून माझ्यासमोर धरला. मी वाटी पुढे केली.